सहीसाठी सुरतेहून आलेली अक्का

मागच्या आठवड्यात अमळनेरच्या घराच्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर, माझं नाव लागलं. तेव्हापासून शाळेतल्या मैत्रिणी रोज एकेक प्रश्न घेऊन येतात. कोणी प्लॉट बघून आलीय, कोणी इसार देऊन बसलीय. म्हणून आमचं कसं झालं ते एकदा लिहून काढते.

घर जुन्या गावातलं, धाब्याचं, मागे निंबाचं झाड. विकणारे दोघे भाऊ, नाना आणि आप्पा. बावीस लाखांत सौदा ठरला आणि त्याच संध्याकाळी मी एक्कावन्न हजार इसार दिला. दुसरं गिऱ्हाईक उद्याच येतंय म्हणून मध्यस्थाची घाई चालली होती. व्यवहार फिसकटला तर पैसे कधी परत मिळणार, याबद्दल पावतीवर एक अक्षर नव्हतं. वकिलाकडे आधी जायचं असतं, इसार नंतर. मी उलटं केलं.

वकीलताईंनी पावती वाचून बाजूला ठेवली आणि विचारलं, "घर कोणाचं?" मी म्हटलं, नानांचं, घरपट्टी त्यांच्याच नावावर येते. त्या म्हणाल्या, घरपट्टीवरून नगरपालिकेला कर कोण भरतो एवढंच कळतं. मिळकत पत्रिका काय किंवा शेताचा सातबारा काय, त्या नोंदीही नुसत्या धरून चालत नाही. मालकी कोणाकडून कोणाकडे आली, ते खरेदीखत, वाटणी, वारसा असं मागे मागे जात बघावं लागतं. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदलेल्या दस्तांचा शोध, करायची पद्धत आहे, पण इथे मधे एकही खरेदी झालेली नव्हती. म्हणून त्या थेट मूळ खतापर्यंत गेल्या. नानांच्या वडिलांनी १९५८ साली घर विकत घेतलेलं. खताच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'जिल्हा पूर्व खानदेश', म्हणजे आताचा जळगाव. तो पिवळा कागद हातात धरताना मला भरून आलं होतं.

पण वडील १९९६ साली गेले, आई त्यानंतर. मृत्युपत्र नाही. मग वारस किती? मध्यस्थ लगेच म्हणाला, "दोघं भाऊ. बहिणीस्ना काय संबंध शे? लग्न होऊन गेल्या त्या."

वकीलताईंचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली २००५ ची दुरुस्ती लोकांना ऐकून माहीत असते, वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार, ती. तेव्हा वडील हयात नसले तरी तिचा हक्क जात नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केलं. पण हे घर तर वडिलांनी स्वतः घेतलेलं. तिथे १९५६ च्या मूळ कायद्यापासूनच मुलगा-मुलगी सारखे. "बहिणींनी तोंडी हक्क सोडला" याला काही अर्थ नाही. हक्कसोडपत्र नोंदवलेलं लागतं.

नानांनी दोन बहिणी सांगितल्या, एक शिरपूरला, एक सुरतेजवळ उधन्याला. पेपरात जाहीर नोटीस दिली आणि आठव्या दिवशी पाचोऱ्याहून एका मुलाचा फोन आला. "माझी आई त्याच घरातली." तिसरी बहीण. ती वारली म्हणून तिला कोणी मोजलंच नव्हतं. नाना-आप्पा लबाड नाहीत, हे मी मनापासून सांगते. त्यांच्या डोक्यात ती बाई गेली म्हणजे तिचा हिस्साही गेला, एवढंच होतं. तो हिस्सा तिच्या मुलांकडे येतो. तिचा नवरा असता तर त्याचीही सही लागली असती.

मला माझी आई आठवली. पारोळा तालुक्यात मामांची शेती आहे. आईला साडी-चोळी करून एका कागदावर सही घेतली होती. कागद कोणी वाचून दाखवला नव्हता.

उधन्याच्या अक्का पॅसेंजरने आल्या. साड्यांवर टिकल्या लावून बोटं खरखरीत झालेली. "मन्हं काय शे त्यामा?" माझं काय आहे त्यात, असं त्या सारखं म्हणत होत्या. वकीलताईंनी त्यांना शेजारी बसवून मसुदा पहिल्या ओळीपासून वाचला, आणि पाचव्या हिश्शाचे चार लाख चाळीस हजार होतात हा आकडा सांगितला. अक्का बराच वेळ गप्प. मग भावाकडे न बघता म्हणाल्या, "मला पाहिजेत." नाना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. शिरपूरच्या बहिणीने आपल्या खुशीने भावांना हक्कसोड नोंदवून दिली. तोही तिचाच निर्णय.

बाकीचे प्रश्न पटकन सांगते. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची, किंमत यांतल्या जास्त असेल तिच्यावर लागतं. राहतं घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर त्यात १ टक्का सवलत आहे, १ एप्रिल २०२१ पासून. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,०००. मला २२,००० लागली. साठेखताने, म्हणजे पुढे विकण्याच्या नुसत्या कराराने, मालकी येत नाही, ती नोंदलेल्या खरेदीखतानेच येते. एका मैत्रिणीला नुसत्या मुखत्यारपत्रावर, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करायच्या अधिकारपत्रावर, प्लॉट देऊ करताहेत. सुप्रीम कोर्टाने २०११ सालीच सांगितलंय की अशाने मालकी मिळत नाही, तेव्हा बाई गं, नको घेऊस. आणि शहादा-नंदुरबारकडे जमीन बघणाऱ्यांनी ती आदिवासी खातेदाराची आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. महसूल संहितेच्या ३६-अ कलमाखाली परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीला घेता येत नाही, आणि ते बंधन कशासाठी घातलंय हे आपल्या भागात कोणाला वेगळं सांगायला नको.

खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात पाच जण ओळीने बसले होते, नाना, आप्पा, अक्का, पाचोऱ्याचा भाचा आणि त्याची बहीण. प्रत्येकाचा फोटो, अंगठा, आणि ज्याचा-त्याचा वेगळा चेक. भाचीने दोन लाख वीस हजारांचा चेक दोनदा उघडून बघितला. नाना-आप्पांना शिरपूरचा हिस्सा धरून सहा लाख साठ हजार एकेकाला.

पुढे फेरफाराची, म्हणजे नोंदीतलं नाव बदलण्याची, नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, नाव लागलं.

खताची प्रत मी आईला दाखवली. तिने चष्मा लावला आणि 'लिहून घेणार', म्हणजे मी, ते सोडून 'लिहून देणार', म्हणजे विकणाऱ्यांच्या नावांवर बोट ठेवलं. एकेक नाव वाचत अक्कांच्या नावापाशी थांबली. मग विचारलं, "पोचली का गं ती उधन्याला नीट?"