आमची घूस आणि ताईचा पॉसम
आमची बिल्डिंग नौपाड्यातली, जुनी, त्यात आम्ही ग्राउंड फ्लोअरला, म्हणजे पावसाळ्यात घूस ठरलेलीच. यंदा तिनं मोरीमागे भगदाड पाडलं, मी फुटक्या काचा आणि सिमेंट कोंबून बुजवलं, चौथ्या दिवशी दोन फुटांवर नवीन बीळ! आणि आत शिरली की सरळ कांद्याच्या टोपलीकडे, शोधाशोध वगैरे काही नाही.

हे सिडनीच्या ताईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणते, "तू निदान सिमेंट तरी कोंबतोस." तिच्या छपराखाली ब्रशटेल पॉसम राहतो. मांजराएवढा, रात्री हिंडणारा, कांगारूसारखाच पिशवीवाल्या प्राण्यांतला. तिकडे त्याला कायद्याचं संरक्षण आहे, पकडायला लायसन्स लागतं, आणि पकडला तरी त्याच दिवशी अंधार पडल्यावर 150 मीटरच्या आतच सोडायचा. मी म्हटलं अगं 150 मीटर म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला, तो परत येणारच ना! पण त्यामागे कारण आहे. लांब नेऊन सोडलेले पॉसम बरेचदा मरतात. कुठलं झाड पोकळ, कुठल्या कुंपणावरून कुठल्या फांदीवर जायचं हे त्याला स्वतःच्या एरियातलं पाठ असतं, नवीन जागी ते सगळं शून्य आणि चांगल्या ढोल्या दुसऱ्यांनी आधीच धरलेल्या. गंमत म्हणजे हाच पॉसम 1837 पासून फरसाठी न्यूझीलंडला नेला, तिथे आता त्याला मारायच्या मोहिमा चालतात.

मग ताईनं रीतसर पॉसमला राहायला झाडावर लाकडी खोकं टांगलं, छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, रात्री तो बाहेर पडल्याची खात्री करून भोक बंद केलं. पठ्ठ्या दोन रात्री छपरावर धावला, तिसऱ्या रात्री मागच्या बाजूच्या सरकलेल्या कौलाखालून आत. ते कौल सरकलंय हे ताईला तोपर्यंत माहीतच नव्हतं. याला बुद्धी म्हणा नाहीतर नुसता चिवटपणा, मला तरी तो घराच्या मालकिणीपेक्षा हुशार वाटला. (हे तिला बोललो नाही.)

आणखी एक, बँडिकूट हा शब्द मुळात आपल्या घुशीचा, तेलुगू पंदिकोक्कु म्हणजे डुक्कर-उंदीर यावरून आलेला. तिकडच्या एका लांब नाकाच्या पिशवीवाल्या प्राण्यालाही तेच नाव चिकटलं, नातं काहीच नाही. त्याची पिशवी मागे उघडते, उकरताना माती आत जाऊ नये म्हणून. तोही ताईच्या लॉनवर खड्डे करतो. मी काचा-सिमेंट सुचवलं तर तिनं फोनच ठेवला.