वॉरंटी संपत आलेली आणि कूलंट कमी होतंय

बॉनेट उघडलं की कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी लगेच दिसते. अर्धपारदर्शक प्लास्टिक आणि त्यावर ‘मॅक्स’ व ‘मिन’ अशा दोन रेषा. इंजिन पूर्ण थंड असताना पातळी या दोन रेषांच्या मध्ये असली पाहिजे आणि महिनोन्महिने तिथेच राहिली पाहिजे. माझ्या हॅचबॅकमध्ये ती हळूहळू खाली येत होती. गाडीखाली ओल नव्हती, तापमानाचा इशारा नव्हता, गाडी चालायला छान होती. वॉरंटी मात्र संपत आली होती.

कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. सिस्टिम बंद असते. पातळी सारखी उतरते म्हणजे कूलंट कुठूनतरी जातंय, एक तर बाहेर, नाहीतर इंजिनच्या आत. आत जात असेल तर प्रकरण गंभीर. म्हणून मी टाकीवर मार्करने बारीक रेघ मारली आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी टाकीचा आणि ओडोमीटरचा फोटो काढत गेले. गाडी रोज एकाच सपाट जागी, इंजिन रोज तितकंच थंड, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

सर्व्हिस सेंटरला गेले तेव्हा ॲडव्हायझर म्हणाले, “थोडंफार कमी होतंच मॅडम, टॉप-अप करून देतो.” जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायच्या कागदावर, त्यांनी लिहिलं होतं ‘जनरल चेकअप’. तिथे मी थांबवलं. तक्रार माझ्या शब्दांत लिहून घ्या म्हटलं: ‘इंजिन थंड असताना कूलंटची पातळी हळूहळू कमी होते. जमिनीवर थेंब दिसत नाहीत. गाडी तापल्याचा इशारा आलेला नाही.’ खाली तारीख आणि किलोमीटर. त्याची एक प्रत मी घेतली.

‘वॉटर पंप तपासा’ असं मी मुद्दाम लिहायला सांगितलं नाही, जरी इंजिनात कूलंट फिरवणाऱ्या या पंपाचीच मनात शंका होती. निदान आपण लिहिलं की ते तेवढंच बघतात आणि तिथे काही दिसलं नाही तर ‘दोष आढळला नाही’ म्हणून कार्ड बंद होतं. लक्षण लिहिलं की त्याचं कारण शोधणं त्यांच्याकडे येतं. शिवाय वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी भरेल तिथे संपते. माझ्या वॉरंटीच्या बुकलेटप्रमाणे दोष मुदतीच्या आत नोंदवलेला असणं महत्त्वाचं होतं. नुसता ‘टॉप-अप’ लिहिलेला कागद पुढे काहीच सिद्ध करू शकला नसता.

पातळी पुन्हा उतरली तेव्हा मी प्रेशर टेस्ट मागितली. ही चाचणी सोपी आहे, पण वेळ खाते. थंड इंजिनवर टोपणाच्या जागी हातपंप लावतात आणि टोपणावर छापलेल्या मर्यादेइतका दाब देतात. मग दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसायचं; तो उतरला तर कुठेतरी गळती आहे. आमचा काटा उतरत होता, इतका सावकाश की घाईत कुणाच्याही लक्षात आला नसता. थेंब कुठेच नव्हता. मग मेकॅनिकने गाडी वर घेतली, चाक काढलं, आतलं प्लास्टिकचं आवरण सोडवलं आणि टॉर्च मारला. वॉटर पंपाच्या पुलीमागे एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या भोकाखाली गुलाबीसर पांढरा खरखरीत थर जमला होता. गरम धातूवर पाणी उडून जायचं आणि बाकीचं तिथेच वाळायचं. म्हणूनच जमीन कोरडी होती.

मेकॅनिकने नख लावून तो थर खरवडून दाखवला. त्याच्या चिकाटीचं मला खरंच कौतुक वाटलं. थर पुसण्याआधी मी फोटो घेतला.

आता प्रश्न क्लेमचा. ॲडव्हायझर म्हणाले, “एक ऑइल चेंज तुम्ही बाहेर करून घेतला आहे, कंपनी क्लेम नाकारू शकते.” तो ऑइल चेंज मी बाहेर केला होता हे खरं. पण बिलावर ऑइलचा ग्रेड होता, मॅन्युअलमध्ये सांगितलेला तोच 0डब्ल्यू-20. ऑइल फिल्टरचा पार्ट नंबर, तारीख आणि किलोमीटरही होते, आणि काम ठरलेल्या अंतराच्या आत झालेलं होतं. मी बुकलेट उघडून ते कलम त्यांच्यासमोर वाचलं. चुकीच्या देखभालीमुळे जो बिघाड झाला तो वगळला आहे, असं त्यात होतं. एक सर्व्हिस बाहेर केली म्हणून सगळी वॉरंटी गेली, असं कुठेही नव्हतं. इंजिन ऑइल आणि या पंपाचं सील यांचा संबंध काय, हे दाखवणं त्यांचं काम होतं. मी शांतपणे म्हटलं, नाकारायचं असेल तर कलमाच्या क्रमांकासह लेखी द्या. त्यानंतर त्यांनी फोटो आणि सर्व्हिसची नोंद कंपनीकडे पाठवली आणि मंजुरी आली.

त्यांनी विचारलेला एक प्रश्न मात्र अगदी रास्त होता: मधल्या काळात टाकीत काय ओतलं? कूलंटच्या बाबतीत हे खरंच निर्णायक आहे. नळाच्या पाण्यातले क्षार ॲल्युमिनियमच्या इंजिनला आणि रेडिएटरला त्रास देतात, आणि दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र आली तर गंज रोखणारी रसायनं निकामी होऊ शकतात. रंगावर विसंबू नये, रंगाला सर्वमान्य नियम नाही. मी मॅन्युअलमधल्या प्रकाराचंच तयार मिश्रण वापरलं होतं आणि बाटलीचं बिल ठेवलं होतं.

अंदाजपत्रकात पंप मोफत होता, पण गॅस्केट (पंप बसतो त्या सांध्यातली गळती रोखणारी चकती), कूलंट आणि पंप फिरवणारा बेल्ट माझ्या नावावर लावले होते. एरवी बेल्ट हा झिजणारा भाग, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांच्याच रांगेतला, त्यामुळे वॉरंटीत येत नाही. पण इथे तो गळलेल्या कूलंटने भिजला होता. पंप बदलायचा तर कूलंट काढावंच लागतं आणि गॅस्केट नवं लागतंच. म्हणजे हा सगळा त्याच दुरुस्तीचा भाग. एकेक ओळ धरून विचारल्यावर तिन्ही गोष्टी क्लेममध्ये गेल्या. इथे बरेच जण थकून पैसे भरतात, आणि त्याचं मला वाईट वाटतं. अंदाजपत्रकावर सही करण्याआधी एवढं जरूर विचारा.

त्याच कागदावर इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुणं, आणि इंधनात घालायचं ॲडिटिव्हही होतं. मॅन्युअलमधल्या देखभालीच्या तक्त्यात दोन्ही नाहीत, म्हणून काढायला लावलं. ब्रेक फ्लुइड मात्र मी स्वतःहून बदलून घेतलं, कारण ते हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट 4 प्रतीचं नवं फ्लुइड किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावरची मर्यादा 155 पर्यंत खाली येते. उतारावर सतत ब्रेक लावताना हा फरक जिवावर बेतू शकतो. माझ्या मॅन्युअलमध्ये ते दर 2 वर्षांनी बदलायला सांगितलं आहे, गाडी कितीही कमी चालली तरी.

कमी चालणाऱ्या छोट्या गाड्यांचं आणखी एक आहे. जवळच्या जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, ऑइलमध्ये साचलेलं पाणी आणि इंधन उडून जात नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये ‘कठीण वापर’ असा वेगळा तक्ता असतो आणि त्यात ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. धूळ, सततची वाहतूक कोंडी, छोट्या फेऱ्या, हे सगळं त्यातच मोडतं. आपली गाडी कुठल्या तक्त्यात बसते ते प्रामाणिकपणे बघावं, कारण वॉरंटीच्या वेळी तेही विचारलं जाऊ शकतं.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना मी दोन गोष्टी तपासल्या. जॉब कार्डवर बदललेल्या पार्टचा नंबर आणि ‘वॉरंटीअंतर्गत’ असा शेरा आहे ना, आणि नव्या पंपाची वॉरंटी किती. बहुतेक बुकलेटांत मोफत बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच मिळते, वेगळी नाही. माझंही तसंच निघालं. मग एक्सटेंडेड वॉरंटीचे, म्हणजे पैसे भरून वाढवून मिळणाऱ्या मुदतीचे, कागद मागवून आधी वगळलेल्या भागांची यादी वाचली. पंप त्यात नव्हता, म्हणून मूळ मुदत संपायच्या आत ती घेतली.

पंप बदलल्यावर सुरुवातीला टाकीतली पातळी पुन्हा थोडी उतरली. सिस्टिममध्ये अडकलेली हवा बाहेर पडते तेव्हा असं होतं, मेकॅनिकने आधीच सांगून ठेवलं होतं. थंड इंजिनवर एकदा भर घातली, हीटर लावून गरम हवा नीट येते का पाहिलं. त्यानंतर पातळी रेघेवरच आहे.