जुन्या पिकअपला एअर सस्पेन्शन, आधी काय घ्यायचं?
जुना पिकअप रिस्टोअर करायला घेतलाय आणि एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या पिशव्यांवर गाडी तोलायच्या सिस्टिमच्या, पार्ट्सनी डोकं पार भंजाळलंय. मी आधी हवा भरणारा कॉम्प्रेसरच बघत बसलो, तिथेच चुकलो. आधी मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बघा, कारण अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवायचं काम पण तेच करतात, एअरबॅग (ती हवेची पिशवी) नुसतं वजन उचलते, त्यामुळे पाटे काढले की फोर-लिंक (अ‍ॅक्सल धरून ठेवणारे चार दांडे) आलीच, आणि गाडी अगदी खाली बसवायची असेल तर चेसिसला सी-नॉच (अ‍ॅक्सलला वर जायला जागा म्हणून C आकाराची खाच) पण. हवेचा पाइप १/४ इंची घेतला तर गाडी हळू उचलते, ३/८ ने पटकन. मला कसली घाई, १/४ च घेतला. हवेच्या टाकीला खाली ड्रेन मात्र हवाच, दाबलेल्या हवेतलं पाणी साचतं. आणि बॅग कुठे घासत नाही ना हे खाली-वर करून बघा, घासली की फुटलीच!