घराजवळची हरणाची शिकार: पहाटे, एकट्याने

भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली हा विषय बंद. त्यामुळे पुढचं सगळं अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियापुरतं, पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल. तिथे रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी उघडतो. पहिलं लायसन्स काढायचं तर आधी शिकार-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो.

घराजवळ म्हटलं की आधी अंतर मोजा. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत, तिथे राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय, रायफलने शिकार करता येत नाही. धनुष्यबाणाला ही हद्द ५० यार्ड.

सकाळची शिकार बहुतेक वेळा जातानाच बिघडते. पहाटे हरणं शेतात चरत असतात आणि उजाडताना झाडीत विसाव्याला परततात. संध्याकाळसाठी उत्तम असलेली शेताच्या कडेची जागा म्हणूनच सकाळी फुकट: अंधारात तिथवर पोचताना कळप उठतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. लांबचा वळसा पडला तरी चालेल, पण ओढ्यातून किंवा झाडीच्या आडोशाने, वारा तोंडावर घेत, शेत आणि झाडी यांच्या मधल्या वाटेवर या. उतारावर फक्त अ‍ॅपमधला वारा बघून भागत नाही. ऊन येईपर्यंत थंड हवा खाली घरंगळते, जमीन तापली की वर चढते. सात वाजता बिनधोक असलेली खालची जागा नऊ वाजता तुमचा वास थेट वरच्या हरणांना पोचवते. कापसाचा तंतू सोडून बघत राहा.

जाड जॅकेट पिशवीत ठेवून चाला. घाम आला की आधी वास, मग हुडहुडी. सूर्योदयाआधी अर्धा तास शिकारीला कायद्याने मुभा मिळते, त्याच्याही पाऊण तास आधी जागेवर बसा. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच चमकदार नारिंगी कपडा लागतो. हरणाला तो रंग फारसा कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. ब्राइटनरने कपडा निळसर चमकतो, म्हणून तसली वॉशिंग पावडर नको.

मचाणावर चढताना हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा अंगावरचा पट्टा) जमिनीपासूनच अडकवलेला हवा. रायफल रिकामी करून दोरीने वर ओढायची. फोन खिशात ठेवा. पडलात तर पिशवी वरच राहते. नेमकी जागा घरी कळवून जा.

हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात नेम धरा. गोळीनंतर लगेच धावू नका, अर्धा तास थांबा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस, हरीण जवळच असतं. काळपट लाल म्हणजे यकृत. तीन-चार तास द्या. हिरवट, घाण वासाचं म्हणजे पोट फुटलंय, तिथे सहा-आठ तास. घाईने उठवलेलं जखमी हरीण एकट्याला सापडणं कठीण.

हलवण्याआधी लायसन्ससोबतचा टॅग (शिकारीची चिठ्ठी) भरून हरणाच्या कानाला बांधा. थंडीत पेनची शाई दगा देते, पेन्सिल ठेवा. कोथळा काढताना पात्याची धार वर आणि दोन बोटं पात्याच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे आतडं फाटत नाही. मग डोकं पुढे ठेवून ओढा. केसांच्या दिशेने ओझं बरंच सरकतं. सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या आजाराच्या नियंत्रण क्षेत्रात असाल तर डोकं आणि पाठीचा कणा क्षेत्राबाहेर न्यायला बंदी आहे, नकाशा आदल्या रात्रीच बघा. शिकारीची नोंद १० दिवसांत करावी लागते.