पुन्हा गायलेली गाणी

सोलापूर, आश्विन वद्य पंचमी, गुरुवार

संध्याकाळी मोबाइलवर एका तरुण गायकाने गायलेले गीतरामायणातले एक पद लावले होते. आईने देवघरातूनच विचारले, "हे कोण? बाबूजी नव्हेत." मी नाही म्हणालो. "मग राहू दे," एवढे बोलून ती पुन्हा वाती वळू लागली. तिच्या लेखी गीतरामायण म्हणजे सुधीर फडके, आणि या निकालावर अपील नाही. वाद घालण्याची माझी इच्छा नव्हती, पण तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालेली ती ५६ गीते अनेकांनी मिळून गायली होती. रामाची पदे फडक्यांकडे होती, पण त्यांच्या जोडीला माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे वेगवेगळे कंठ होते. सगळी गीते एकट्या बाबूजींच्या आवाजात रुजली ती पुढे, त्यांच्या जाहीर कार्यक्रमांतून आणि ध्वनिमुद्रिकांतून. म्हणजे आई ज्याला मूळ मानते तेही बऱ्याच अंशी पुन्हा गायलेलेच आहे. चाली त्यांच्या स्वतःच्याच असल्यामुळे त्याला कव्हर, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याची नव्याने गायलेली आवृत्ती, म्हणणे आगाऊपणाचे ठरेल, हे मान्य. परंतु 'सावळा ग रामचंद्र' मधले कौसल्येचे वात्सल्य पुरुषाच्या आवाजात ऐकताना आजवर आमच्या घरात कुणालाही खटकलेले नाही, हेही तितकेच खरे.

आपल्याच गावचे उदाहरण घ्यावे. शाहीर राम जोशी सोलापूरचे. उत्तर पेशवाईत त्यांनी रचलेली 'सुंदरा मनामधि भरली' ही लावणी आज आपण ज्या रूपात ओळखतो, ते बहुतेकांच्या कानांवर 'लोकशाहीर रामजोशी' या १९४७ च्या चित्रपटामुळे पडले. त्यात जयराम शिलेदार रामजोशी झाले होते आणि संगीत वसंत देसाई यांचे होते. राम जोशींनी स्वतः फडावर ती कोणत्या ढंगाने म्हटली असेल, कुठे थांबले असतील, डफावरची थाप कशी पडली असेल, हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. तिथे मूळ म्हणून दाखवण्यासारखे काही उरलेलेच नाही. जे आहे ते सगळे नंतरच्या गळ्यांतून आलेले आहे. अभंगांचेही तेच. मूळ गाणे आणि त्याची नवी आवृत्ती हा भेद ध्वनिमुद्रणाने आणला, त्याआधी गाणे म्हणजे दर वेळी कुणीतरी पुन्हा म्हटलेलेच असे.

शेजारच्या कानडी काकू दर शुक्रवारी पूजेच्या वेळी 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' म्हणतात. पुरंदरदासांची ही रचना एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी गायली आहे आणि पंडित भीमसेन जोशी यांनीही. पहिलीत कर्नाटक पद्धतीची ठाशीव शिस्त आहे, तर दुसरीत गदगच्या या माणसाने लक्ष्मीला अगदी खड्या आवाजात घरात बोलावले आहे. काकूंना या दोन्हींचे फारसे कौतुक नाही. त्या आपल्या आईकडून शिकलेल्या संथ चालीने म्हणतात, मध्येच नैवेद्याच्या कुकरकडे लक्ष देतात आणि सोडलेल्या जागेवरून बिनचूक पुढे जातात. भिंतीपलीकडून ते ऐकताना तिन्हींपैकी कोणते अस्सल, असा प्रश्न मला कधी पडलेला नाही.

मात्र पुन्हा गाण्याच्या नावाखाली फसवणूकही पुष्कळ झाली आहे. १९८० च्या दशकात वडिलांनी हौसेने आणलेल्या एका स्वस्त कॅसेटच्या वेष्टनावर मोहम्मद रफींचा मोठा फोटो होता आणि आतला आवाज भलत्याच कुणाचा होता. त्या गायकाचे नाव मागे बारीक अक्षरांत सापडले. गाणे वाईट नव्हते, पण वडिलांनी ती कॅसेट पुन्हा लावली नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तिच्यात नेमका हाच प्रकार हेरलेला दिसतो. वैधानिक परवान्याने, म्हणजे हक्कदाराची वेगळी संमती न घेता कायद्याने दिलेल्या मुभेने, ठरलेले मानधन भरून एखाद्या गाण्याची कव्हर आवृत्ती काढायची असेल तर मूळ ध्वनिमुद्रण झालेले वर्ष संपल्यानंतर पाच कॅलेंडर वर्षे थांबावे लागते, आधीच्या गायकाचे नाव किंवा चित्र वेष्टनावर चालत नाही आणि ही कव्हर आवृत्ती आहे असे स्पष्ट छापावे लागते. वडील असते तर त्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवले असते.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्री काढाव्या लागल्या. तेव्हा भाच्याने प्रेमाने नव्या गाण्यांची यादी पाठवली होती. त्यातले एकही गाणे मला शेवटपर्यंत ऐकवले नाही, कारण नवे गाणे ऐकणाऱ्याकडून काही मागत असते: पुढे काय येणार याकडे लक्ष द्यावे लागते, शब्द पकडावे लागतात, आवडले की नाही हे ठरवावे लागते. त्या दिवसांत माझ्याकडे तेवढी शिल्लक नव्हती. भीमसेनजींचे 'माझे माहेर पंढरी' मात्र मी पुन्हा पुन्हा लावले. एकनाथांचे शब्द आणि राम फाटकांची चाल इतकी अंगवळणी पडलेली होती की 'बाप आणि आई' ही ओळ येण्याआधीच ती आतून सुरू होत असे. पुढचे सगळे आधीच ठाऊक असणे, हाच त्यातला दिलासा होता. बाकावर बसलेल्या माणसाला दुसऱ्या कशाविषयीही तेवढी खात्री नसते. दुःख त्याने कमी झाले असे मी म्हणणार नाही. श्वास मात्र लयीत येत असे.

हा अभंग मी प्रथम ऐकला तो भीमसेनजींच्या आवाजात नव्हे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना सोलापुरातून जाते, तेव्हा लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तो वारकऱ्यांच्या चालीत, टाळांच्या गजरात ऐकला होता. त्या बाकावर कानात एक चाल वाजत असताना तिच्याखाली ती दुसरी चालही मला ऐकू येत असे, आणि दोन्हींची एकमेकींना अडचण होत नसे.

हल्लीच्या कव्हर आवृत्त्यांबद्दल माझी तक्रार एवढीच आहे की त्यांतल्या बऱ्याच जणांना गाणे दुरुस्त करायचे असते. ठेका वाढवतात, कडव्यांमधल्या रिकाम्या जागा वाद्यांनी बुजवतात आणि दुसरे कडवे सरळ गाळतात. याउलट 'कट्यार काळजात घुसली' पाहावे. १९६७ च्या नाटकात वसंतराव देशपांड्यांनी गाजवलेल्या खाँसाहेबांना २०१५ च्या चित्रपटात त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी आवाज दिला. आजोबांची तान जशीच्या तशी गिरवण्याचा मोह तिथे केवढा असणार! तो आवरला गेला आहे, आणि तरीही घराचे वळण लपलेले नाही.

सध्या घरातही असाच एक वाद चालू आहे. पुतणीला भाऊबीजेसाठी 'सोनियाच्या ताटी' गिटारच्या साथीने गाऊन ध्वनिमुद्रित करायचे आहे. हे गीत लिहिणारे कवी संजीव आपल्या सोलापूरचे, हे सांगितल्यावर तिला फार आनंद झाला. दुसरे कडवे गाळायचे नाही ही माझी अटही तिने मान्य केली. अडले आहे ते पट्टीवर. "काका, आशाताईंच्याच पट्टीत गायले नाही तर ते गाणे वाटतच नाही," असे तिचे म्हणणे, आणि तिचा गळा खालचा असल्यामुळे तिने दोन स्वर उतरून गावे, असे माझे. काल पेटीवर सूर धरून पाहिला तेव्हा वरच्या जागेवर आवाज चिरकला, तरी ती ऐकायला तयार नाही. रविवारी ती दोन्ही पट्ट्यांत गाऊन पाहणार आहे. गिटार वाजवणाऱ्या तिच्या मैत्रिणीला मी दोन्हींची तयारी करून यायला सांगितले आहे.