मुनाफिक म्हणणं इतकं सोपं नाहीये

या रमजानमध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर जोरदार भांडण झालं. माझ्या मामेभावाचा ऑफिसच्या गणपतीतला मागच्या वर्षीचा फोटो कोणीतरी टाकला, फोटोत तो सगळ्या कलीग्जबरोबर उभा आहे, हातात मोदक आहे, बास इतकंच. त्यावर एका लांबच्या नातेवाईकांनी सरळ लिहिलं की अशाच लोकांना कुराणात मुनाफिक, म्हणजे वरून मुसलमान पण आतून ईमान (श्रद्धा) नसलेले, म्हटलंय. मग काय, एक जण इकडून क्लिप फॉरवर्ड करतोय, दुसरा तिकडून, काही जण ग्रुप सोडून गेले, आणि तो पोरगा बिचारा काहीच बोलला नाही. मोदकाचा मसला काय तो मौलानांना विचारा, मी त्यात पडत नाही. पण तो शब्द मला रात्रभर टोचत राहिला, कारण आमच्याकडे हा शब्द आजकाल शिवीसारखा वापरला जातो आणि कुराणात, हदीसमध्ये (पैगंबर साहेबांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत) त्याचं वजन किती आहे याचा विचार कोणी करत नाही.

वजन म्हणजे किती, तर कुराणातल्या सूरह निसा या अध्यायाच्या १४५व्या आयतीत मुनाफिकांची जागा जहन्नमच्या (नरकाच्या) सगळ्यात खालच्या थरात सांगितलीय. जो उघडपणे मानत नाही त्याच्यापेक्षाही खाली. सूरह बकराच्या सुरुवातीला बघा, ईमानवाल्यांबद्दल चार आयती, इन्कार करणाऱ्यांबद्दल दोन, आणि मुनाफिकांबद्दल ८ ते २० अशा तब्बल तेरा आयती आहेत. शिवाय त्यांच्या नावाची एक अख्खी सूरह आहे, ६३वी. इतकं सविस्तर सांगायची गरज का पडली हे मला आमच्या कोंढव्यात बायकांचा दर्स, म्हणजे दीनचा (धर्माचा) वर्ग, असतो तिथे पहिल्यांदा नीट कळलं. तिथे शिकवणाऱ्या आमच्या आपांनी विचारलं, मक्केत मुनाफिक का नव्हते? कोणालाच सांगता येईना. मग त्या म्हणाल्या, अगं मक्केत कलमा पढला, म्हणजे इस्लाम कबूल केला, की मार पडायचा, बहिष्कार व्हायचा, घरदार सुटायचं, तिथे खोटं खोटं मुसलमान होऊन कोणाला काय मिळणार होतं? ६२२ मध्ये हिजरत झाली, म्हणजे पैगंबर साहेब मक्का सोडून मदिनेला गेले, मदिनेत मुसलमानांचा जम बसला, तेव्हा मुसलमान म्हणवून घेण्यात फायदा दिसायला लागला आणि तेव्हापासून हा प्रकार सुरू झाला. मला हे फार पटलं. जिथे दीनदार दिसण्याचा फायदा असतो तिथेच निफाकला, म्हणजे या मुनाफिकपणाला, जागा मिळते, आणि आज पुण्यातली कौसर बाग असो की मोमीनपुरा, दीनदार दिसण्याचा फायदा आहेच की. माणसावर विश्वास पटकन बसतो, स्थळं चांगली येतात, दुकान चालतं.

मदिनेतल्या मुनाफिकांचा म्होरक्या अब्दुल्ला इब्न उबय. हिजरतच्या आधी मदिनेचे लोक त्याला आपला सरदार करायच्या बेतात होते, ते राहून गेलं आणि तो सल त्याच्या मनातून कधी गेला नाही. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईला साधारण हजार माणसं निघाली होती, हा अर्ध्या वाटेतून आपले तीनशे लोक घेऊन परत फिरला. ऐन लढाईच्या तोंडावर! पुढे एका सफरीत तो म्हणाला की मदिनेला पोचू दे, जो इज्जतदार आहे तो कमजोराला बाहेर काढेल, आणि हे बोलणं कुराणात नोंदलं गेलंय. पैगंबर साहेबांचे साथीदार हजरत उमर म्हणाले, इजाजत द्या, याची मान उडवतो. पैगंबर साहेबांनी नाही म्हटलं, लोक म्हणतील मोहम्मद आपल्याच साथीदारांना मारतो. आणि तो मेला तेव्हा, त्याचा मुलगा पक्का ईमानवाला होता, त्याने येऊन मागितलं म्हणून हुजुरांनी, म्हणजे पैगंबर साहेबांनी, स्वतःचा कुर्ता त्याच्या कफनसाठी दिला, जनाज्याची नमाजही पढवली. अशा लोकांची नमाज पढू नका अशी आयत आली ती त्याच्यानंतर.

हे मी मुद्दाम इतकं लांबण लावून सांगतेय. ज्याचा निफाक वहीने, म्हणजे अल्लाहकडून पैगंबर साहेबांना आलेल्या संदेशाने, उघड झाला होता, ज्याने ऐन वेळी तीनशे माणसं काढून नेली, त्याच्याशी त्याच्या हयातीत मुसलमान म्हणूनच व्यवहार झाला, आणि आपण एका मोदकावरून कोणाच्या दिलात काय आहे ते ठरवतो. हुजुरांचे साथीदार उसामा बिन जैद यांचा किस्सा तर सगळ्यांनी ऐकलेला असतो, लढाईत समोरच्याने ला इलाहा इल्लल्लाह, म्हणजे कलमा, म्हटलं तरी त्यांनी त्याला ठार मारलं, म्हणाले की त्याने जिवाच्या भीतीने म्हटलं. तर हुजुरांनी विचारलं, तू त्याचं दिल चिरून बघितलंस का? आणि हे पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आता वही बंद आहे. कोणाच्या आत काय आहे ते कळायची सोयच आपल्याकडे नाही.

मग निशाण्या सांगितल्यात त्या कशासाठी? बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत हजरत अबू हुरैरांनी सांगितलेली हदीस आहे, मुनाफिकच्या तीन निशाण्या, बोलेल तर खोटं बोलेल, वादा करेल तर मोडेल, अमानत (विश्वासाने सोपवलेली वस्तू) ठेवायला दिली तर खयानत (अफरातफर) करेल. दुसऱ्या एका रिवायतमध्ये अजून एक आहे, भांडला तर शिवीगाळीवर, वाईट थराला जाईल. यात दाढी किती लांब, बुरखा कुठला, मशिदीत कितव्या सफमध्ये (रांगेत), असलं काहीच नाहीये. आहे ते सगळं बोलणं, शब्द पाळणं, दुसऱ्याचा पैसा आणि भांडणातली जीभ. आणि हे सगळं ज्याचं त्याला सगळ्यात आधी कळतं, शेजाऱ्याला नंतर.

अमानत म्हटलं की मला माझी दादी आठवते. भवानी पेठेत आमचं जुनं घर होतं, चाळच म्हणा, आणि आसपासच्या बायका आपली बचत, भिशीचे पैसे, एखादी सोन्याची बाळी दादीकडे आणून ठेवायच्या. दादीला लिहितावाचता येत नव्हतं म्हणून तिने प्रत्येकीची वेगळी पुरचुंडी केलेली आणि प्रत्येकीला वेगळा दोरा, कोणाचा लाल, कोणाचा हिरवा, एकीचा तर परकराच्या नाडीचा तुकडा. सगळ्या पुरचुंड्या पत्र्याच्या ट्रंकेत गोधडीखाली. एकदा अब्बांचा पगार लांबला होता, घरात खरंच काही नव्हतं, आणि अब्बा म्हणाले अम्मी, चार दिवसांकरता त्यातून घेऊ, पगार झाला की परत ठेवू, कोणाला कळणार पण नाही. दादी म्हणाली, "वो नोटां बी वोहीच होना बेटा, जैसे रखे वैसेच." म्हणजे चार दिवसांनी दुसऱ्या नोटा ठेवल्या तरी तिला ते चालणार नव्हतं. त्या दिवशी आम्ही शेजारून पीठ उसनं आणलं. दादी काय फार दर्स-बिर्स ऐकणारी नव्हती, नमाज मात्र कधी चुकवली नाही, आणि मला विचाराल तर ईमान कसं दिसतं हे मी त्या ट्रंकेपाशी पाहिलंय.

आता याच्या उलट. आम्ही भाड्याचं घर सोडलं तेव्हा मालकांनी डिपॉझिट अडकवलं. माणूस पाच वक्त नमाजी, घरात सुंदर आयती फ्रेम करून लावलेल्या, ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं की चावी दिली की पैसे. आधी म्हणाले रंगाचा खर्च, मग म्हणाले नळ, मग म्हणाले नवा भाडेकरू येऊ दे. आणि दर फोनला शेवटी "इन्शाअल्लाह जुम्म्यापर्यंत". मला पैशाचा त्रास झालाच, पण त्या इन्शाअल्लाहचा जास्त झाला. अल्लाहने चाहलं तर असं म्हणताना आपण आपल्या बाजूने पूर्ण नियत केलेली असली पाहिजे ना. द्यायचंच नाही आणि वर अल्लाहचं नाव पुढे करायचं, हे ऐकवत नाही. माझ्या सातवीतल्या मुलाने ते स्पीकरवर ऐकलं आणि मला विचारलं की इन्शाअल्लाह म्हणजे नाही असं असतं का. काय उत्तर देणार! लहान पोरांच्या कानावर दीनचे शब्द अशा जागी पडतात, मग ते मोठे झाल्यावर दीनपासून लांब का जातात म्हणून आपणच तक्रार करतो.

त्या मालकांना मी मुनाफिक म्हटलं नाही, म्हणणार पण नाही. निशाणी दिसली म्हणून माणूस आतून बेईमान झाला असं होत नाही, उलमांनी (धर्मपंडितांनी) यात साफ फरक केलाय. एक अकिद्याचा निफाक, म्हणजे दिलात ईमानच नाही आणि वरून कलमा, आणि दुसरा अमलचा निफाक, म्हणजे ईमान आहे पण वागणं मुनाफिकासारखं झालंय. पहिल्याने माणूस इस्लाममधूनच बाहेर जातो, दुसरा मोठा गुन्हा आहे पण माणूस मुसलमानच राहतो. मात्र तो दुसराही अंगावर वागवत राहणं धोक्याचंच, तो आत आत जात राहतो.

सूरह माऊनचं पण सांगायलाच हवं, कारण मकतबमधलं, म्हणजे कुराण शिकायच्या वर्गातलं, प्रत्येक पोरगं ती पाठ म्हणतं, फक्त सात आयती. दीनला खोटं ठरवणारा कोण, तर जो यतीमला (अनाथाला) धक्के मारतो आणि गरिबाच्या जेवणासाठी कोणाला सांगत नाही. आणि मग नमाजींवरच आफत सांगितलीय, जे नमाजपासून गाफील आहेत, दिखावा करतात, आणि साध्या वापरायच्या वस्तू देत नाहीत. तफसीर करणाऱ्यांनी, म्हणजे कुराणाचा अर्थ उलगडून सांगणाऱ्यांनी, या वस्तू म्हणजे काय काय सांगितलंय बघा, पातेलं, बादली, कुऱ्हाड, मीठ, पाणी. नमाजच्या दिखाव्याबरोबर एकाच दमात शेजाऱ्याला पातेलं न देणं! आता आपण फ्लॅट सिस्टिममध्ये राहतो, समोरच्या दारावरचं नावही धड माहीत नसतं.

दर्समध्ये एक कॉलेजची मुलगी येते, तिने एकदा सगळ्यांसमोर रडत विचारलं की मी नमाज पढते पण मन लागत नाही, दर्समध्ये छान वाटतं आणि घरी गेलं की मोबाईल, रील्स, सगळं विसरते, मी मुनाफिक आहे का? मला तिचं फार वाईट वाटलं, कारण ग्रुपवर हा शब्द भिरकावणाऱ्यांना ही भीती कधी वाटत नाही आणि जिच्या मनात खोट नाही ती पोर घाबरून बसलीय. आपांनी तिला हंजला यांची हदीस सांगितली. हे सहाबी, म्हणजे हुजुरांचे साथीदार, दुसरे साथीदार हजरत अबू बकरना रस्त्यात भेटले आणि म्हणाले हंजला मुनाफिक झाला. का, तर हुजुरांजवळ बसलो की जन्नत जहन्नम डोळ्यांसमोर दिसते आणि घरी बायकामुलांत, कामाधंद्यात गेलो की विसरून जातो. अबू बकर म्हणाले माझंही असंच होतं. दोघं मिळून गेले हुजुरांकडे, आणि हुजूर म्हणाले, माझ्याजवळ असता तसेच कायम राहिलात तर फरिश्ते तुमच्याशी रस्त्यात हात मिळवतील, पण हंजला, काही वेळ असा, काही वेळ तसा. ईमान कमी जास्त होतं, माणूस आहे म्हटल्यावर होणारच. हजरत उमरांबद्दल तर असं सांगतात की हुजैफा या सहाबींकडे हुजुरांनी सांगितलेली मुनाफिकांची नावं होती, तर उमर त्यांना विचारायचे, त्यात माझं नाव तर नाही ना? खलिफा उमर! जुन्या काळचे आलिम हसन बसरींचं म्हणणं आहे की निफाकची भीती मोमिनलाच (ईमानवाल्यालाच) वाटते आणि बेफिकीर असतो तो मुनाफिक. ती मुलगी हे ऐकून शांत झाली, अजूनही येते, आता तर वहीत नोट्स काढते.

आणि ज्या आयतीने मी सुरुवातीला घाबरवलं, तिच्या लगेच पुढची आयत लोक फॉरवर्डच करत नाहीत, १४६वी. त्यात म्हटलंय, पण ज्यांनी तोबा केली (पश्चात्ताप करून मागे फिरले), स्वतःला सुधारलं, अल्लाहला घट्ट धरलं आणि आपला दीन फक्त अल्लाहसाठी केला, ते ईमानवाल्यांबरोबर असतील. सगळ्यात खालच्या थरापर्यंत गेलेल्याला सुद्धा दार उघडं आहे. फक्त त्यातलं ते स्वतःला सुधारणं नुसत्या तस्बीहवर (जपमाळेवर) होत नाही. नमाज राहिली, रोजा राहिला, तो अल्लाहचा हक, तो माफ करेल, पण बंद्याचा हक बंद्यालाच द्यावा लागतो, नाहीतर त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो, हे कुठल्याही मौलानांना विचारा. म्हणजे ज्याला घालूनपाडून बोललो त्याची माफी मागायची, ग्रुपवर बोललो असू तर ग्रुपवरच मागायची, आणि कोणाचं डिपॉझिट ठेवून घेतलं असेल तर ते त्याच्या खात्यात जमा करायचं, जुम्म्याची वाट न बघता.