फायनल बिल आणि बाथरूममधली गोटी

पुण्यात सहकारनगरमधला आमचा फ्लॅट जुना, त्यामुळे दोन्ही बाथरूम आणि किचन कधीतरी उकरावं लागणारच होतं, ते या उन्हाळ्यात काढलं. कोटेशन ३,४०,००० चं, मटेरियलसकट. त्यातले २,८०,००० टप्प्याटप्प्याने देऊन झालेले, म्हणजे राहिले ६०,०००. आणि कॉन्ट्रॅक्टरचं फायनल बिल आलं १,०६,००० चं! वरचे ४६,००० म्हणे एक्स्ट्रा. त्यातल्या गीझरच्या नव्या लाइनीचे ६,५०० आम्ही कबूल केलेले, बाकी कशालाच हो म्हटलेलं नव्हतं. राडारोडा उचलायचे एक्स्ट्रा, गोणीने जिन्यावरून रेती चढवली त्याचे एक्स्ट्रा, आणि तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारातून, स्विच आणले त्याचा टेम्पो एक्स्ट्रा. स्विचला टेम्पो. दोन पिशव्यांत मावतील एवढे स्विच होते हो.

बिलाचं एक वेळ सोडा, पण काम? आंघोळ झाली की पाणी दाराशी जमायचं, पाणी जायची जाळी, म्हणजे नहाणी ट्रॅप, आपला कोरडा. विचारलं तर उत्तर, "मॅडम, वायपर मारायचा ना, सगळेच मारतात." मग मी मुलाची गोटी घेतली आणि त्याच्यासमोरच फरशीवर मधोमध ठेवली. ती क्षणभर थांबली आणि सावकाश दाराकडे निघाली, उंबऱ्याला टेकली. दुसऱ्यांदा ठेवली, परत दाराकडे. तो म्हणाला गोटी वाकडी आहे.

त्यानंतर रुपयाच्या नाण्याने भिंतीच्या टाइल्स वाजवून बघितल्या. नीट बसलेली टाइल ठक्क वाजते, खाली माल भरलेला नसेल तर पोकळ डबडब आवाज येतो. शॉवरखालचा सगळा पट्टा डबडब. आणि टाइल्स बसवायच्या आधी वॉटरप्रूफिंगवर पाणी तुंबवून निदान दोन दिवस ठेवायचं असतं ना, ते याने संध्याकाळी भरलं आणि सकाळी सोडून दिलं, "झालं टेस्टिंग". पहिला पाऊस यायच्या आधीच खालच्या काकूंच्या छताला ओल आली, म्हणजे पावसावर ढकलायचीही सोय राहिली नाही.

प्लायचं तर विचारूच नका. सिंकखालच्या कपाटासाठी कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलेलं, आयएस ७१० मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा. गॅलरीत उरलेले तुकडे पडले होते, त्यातल्या एकावर शिक्का होता आयएस ३०३ चा, एमआर ग्रेड, म्हणजे साधा कमर्शियल प्लाय, जो बेडरूमच्या वॉर्डरोबला ठीक, सिंकखाली नाही. तो तुकडा मी अजून जपून ठेवलाय. (आयएसआय शिक्क्याबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. हे मला सुताराने नाही, आमच्या दूधवाल्याने सांगितलं.)

यापुढे मात्र मी एक ठरवलं की भांडण तोंडाने करायचं नाही, मापाच्या टेपने करायचं. तो फोनवर आवाज चढवायचा आणि लगेच "साहेबांना द्या फोन". साहेब शेजारीच बसलेले, म्हणायचे, "हिशोब तिच्याकडे आहे." कोटेशनमध्ये 'प्रत्यक्ष मापाप्रमाणे' असं त्यानेच लिहिलेलं, मग टेप धरला. बिलात टाइल्स ४२० स्क्वेअर फूट, भरल्या ३४८. ७२ फुटांचे ५५ रुपयांनी ३,९६० कमी. प्लायच्या फरकाचे ४,५००. आणि बाथरूमची फरशी काढून ढाळ काढून परत बसवायला दुसऱ्या मिस्त्रीकडून लेखी रेट आणला, ३१,०००. हे सगळं फोटोंसकट व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि आधी त्यालाच विचारलं की तूच दुरुस्त करून देतोस का, अमुक तारखेपर्यंत. ही संधी देणं महत्त्वाचं, नाहीतर पुढे तो म्हणणार मला बोलावलंच नाही. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

उत्तराऐवजी माणूस आला. टाइल्सचा मिस्त्री, बिचारा, "ताई, आमचे ११,००० अडकलेत, शेठ म्हणतो तुम्ही देत नाही म्हणून." इथे मला खरंच वाईट वाटलं, कारण आमची भांडणं होईपर्यंत त्याने काय खायचं? त्याचे पैसे मी थेट यूपीआयने दिले, पावतीवर सही घेतली, कॉन्ट्रॅक्टरला कळवलं की हे तुझ्या हिशोबातून वजा. यावर मात्र तो दहा मिनिटांत फोनवर हजर.

मग धमक्या, नळ काढून नेतो, पोरं घेऊन येतो वगैरे. मी म्हटलं या, खाली वॉचमनच्या वहीत एंट्री करून या. सोसायटीतल्या एकांनी सल्ला दिला की महारेरात जा, पण ते बिल्डरने विकलेल्या प्रोजेक्टसाठी असतं, घरातल्या रिनोव्हेशनला नाही. याला ग्राहक आयोगच. सेवेतली त्रुटी, मुदत दोन वर्षं, आणि व्यवहार ५ लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. वकील असलेल्या मैत्रिणीने एवढंच बजावलं की चॅट डिलीट करू नकोस, व्हॉट्सॲप पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, आणि फरशी फोडायच्या आधी व्हिडिओ काढून ठेव. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही बोलून घेतलं.

तिथवर जायची वेळ आली नाही. चेअरमनांच्या घरी बसलो, मी हिशोबाचा कागद टेबलावर ठेवला, शेजारी प्लायचा तुकडा. राहिलेले ६०,००० आणि गीझरचे ६,५०० असे ६६,५००, त्यातून मिस्त्रीच्या पैशांसकट सगळी वजावट जाऊन त्याचे निघत होते १६,०४०. तो एक लाखावरून पन्नासवर आला, पन्नासवरून तीसवर, प्रत्येक वेळी "मॅडम, लॉसमध्ये चाललोय". चेअरमनांनी तुकडा उलटून शिक्का वाचला आणि काहीच न बोलता चहा प्यायले. शेवटी १८,००० वर मिटलं. 'फुल अँड फायनल, यापुढे काही देणं नाही' असं त्याच्याच हाताने लिहून घेतलं, पैसे चेकने.

जिना उतरताना चेअरमनांना म्हणतो कसा, "सर, बी विंगमध्ये कोणाचं काम असेल तर सांगा."